रबर मारून पाहिलं काय?

मेलेल्याला मेला म्हणून सांगायचे आपल्याकडे कोणी पैसे घेत नाही, असा माझा परवापर्यंत समज होता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र आणणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचे घेतात. तीनशे रुपये. त्याला चेकिंग चार्ज म्हणतात, आणि त्याचं बिल मागितलं की काउंटरवरचा माणूस तुम्हाला चपलेपासून टकलापर्यंत एकदा नीट बघून घेतो.

ऐन लग्नसराईत माझ्या डीटीपीच्या दुकानातला कॉम्प्युटर आंधळा झाला. पंखे फिरताहेत, दिवे लागताहेत, मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’. मे महिन्यातले मुहूर्त, गिऱ्हाइकं पत्रिकेसाठी छातीवर बसलेली. सीपीयू चादरीत गुंडाळला, डोक्याला दुपट्टा बांधला, स्कूटरवर दोन पायांच्या मधे त्याला उभा केला आणि भर दुपारी नागपूरच्या महालातून बर्डी, म्हणजे सीताबर्डीचा बाजार, गाठली. बर्डीत गाडी कुठे लावली हे लिहायला बसलो तर लेख तिथेच संपेल, तेव्हा सरळ दुकानात शिरू.

काउंटरवर विशीतला एक पोट्टा होता. चादरीची गाठ सुटायच्या आधीच त्याने विचारलं, “गेमिंग का एडिटिंग?”

“लग्नपत्रिका.”

“नाही काका, कार्ड कशासाठी वापरता?”

“लग्नपत्रिकेसाठीच. मधून मधून मुंजीची असते. तेरवीची कार्डंही करतो.”

त्याने बराच विचार करून जॉबशीटवर ‘अदर’ असं लिहिलं.

“मग कार्ड कायले पाहिजे काका? ऑनबोर्डवर चालवा न.”

ऑनबोर्ड म्हणजे मशीनच्या पोटातलंच ग्राफिक्स. ते माझ्याकडे का नाही, यासाठी इथे थोडं मागे जावं लागेल. 2019 मध्ये मी नवं मशीन घेतलं, तेव्हा दुसऱ्या एका दुकानदाराने मला एफ लावलेला प्रोसेसर गळ्यात मारला. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नंबरामागे एफ येतो, त्याच्या पोटात ग्राफिक्स नसतं. बाहेरून कार्ड लावलं तरच पडद्यावर काही उमटतं. “जुनं कार्ड आहेच न तुमच्याजवळ, मंग डबल पैसे काऊन भरता?” असं तो तेव्हा अगदी घरच्यासारखा म्हणाला होता. हजारेक रुपये वाचले. ते आता व्याजासकट मोजायचे होते.

पोट्ट्याने झाकण काढलं आणि ब्लोअर मारला. आतून जी धूळ निघाली, तिच्यात मेट्रोचं काम, सिमेंट रोडचं काम आणि माझ्या दुकानासमोर अजूनही चालू असलेलं नालीचं काम असे सगळे थर ओळखू येत होते. कार्डाचा छोटा पंखा जाम झाला होता. बोटाने फिरवला तर अर्धा फेरा घेऊन थांबे. त्याने कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये लावलं, काढलं, पुन्हा लावलं आणि म्हणाला, “काका, हे गेलं.”

तीनशे रुपये इथे संपले. मी नव्या कार्डाचा भाव विचारणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

“रबर मारून पाहिलं काय?”

कूलरच्या अगदी तोंडाशी, प्लास्टिकच्या स्टुलावर एक गृहस्थ बसले होते. सत्तरीच्या आसपास. पांढरा बुशशर्ट, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं प्रिंटरचं कार्ट्रिज. ते रिफिलला आले होते. कार्ट्रिज केव्हाच भरून झालं होतं आणि ते निव्वळ कूलरसाठी बसून होते, हे मला नंतर कळलं.

“काय?” मी विचारलं.

“रबर, रबर. खोडाचा. ह्या खाली सोनेरी पट्ट्या दिसून राहिल्या न, ह्याच्यावर मळ धरते. रबर मारला का झालं. मी सांगून राहिलो न तुम्हाले.”

चीड यायचं कारण असं, की हे साफ खोटं नाही. कार्डाच्या खालच्या कडेला सोन्याचा मुलामा दिलेले संपर्क असतात, त्यावर पुटं चढली की स्लॉटशी गाठ नीट पडत नाही. रॅम खोडरबराने घासून चालू करणारे कारागीर नागपुरात पैशाला पासरी आहेत. साफ खोटं बोलणाऱ्याला गप्प करता येतं. चार आणे खरं बोलणाऱ्याचं काय करायचं?

“काका, चिप गेली आहे. रबरानं नाही होत,” पोट्टा म्हणाला.

“तू थांब न बाबू. तुझ्या जन्माच्या आधीपासून रबर मारून राहिलो मी.” असं म्हणून त्यांनी वरचा खिसा काउंटरवर रिकामा केला. चष्म्याचं घर निघालं, विजेचं बिल निघालं, दोन पेनं निघाली आणि एक अख्खा कांदा निघाला. “ऊन लागत नाही,” असा खुलासा करून त्यांनी तो कांदा सोळा हजारांच्या एका सीलबंद कार्डाच्या खोक्यावर नीट बसवला. रबर निघाला नाही.

मग असं कळलं, की ज्या दुकानात लाखालाखाची यंत्रं जोडली जातात तिथे खोडरबर नसतो. पोट्ट्याला शेजारच्या स्टेशनरीत पिटाळलं. तो स्ट्रॉबेरीच्या आकाराचा, वासाचा रबर घेऊन आला. स्टुलावरच्या काकांनी नाकाशी धरला आणि परत केला. “सेंटवाला नाही चालत. त्याच्यात तेल राहते. साधा आण, पांढरा.” पोट्टा पुन्हा गेला. दोन्ही रबरांचे पैसे माझ्याच खिशातून गेले. स्ट्रॉबेरी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

मग काकांनी कार्ड मांडीवर घेतलं आणि जिभेचं टोक दातात धरून घासायला सुरुवात केली. एका बाजूने घासायचं, उजेडाकडे धरायचं, फुंकर मारायची. “फुंकू नका, थुंकी उडते,” असं पोट्टा म्हणाला की त्याच्याकडे बघायचं आणि पुन्हा फुंकायचं. घासता घासता गोष्ट चालू.

“आमच्या हापिसात पहिला कॉम्प्युटर आला न, त्याले एसीची खोली होती. चपला बाहेर. मोठे साहेब पण मोज्यावर जात. एक दिवस बंद पडला. मुंबईहून इंजिनिअर बोलावला. तो रेल्वेत बसला अन् इकडे मी रबर मारला. झाला चालू!”

“मग?”

“मंग काय? इंजिनिअर वापस. साहेब म्हणे, तुम्ही इथं काऊन सडून राहिले? तुम्ही त बंगलोरले पाहिजे!”

“मग?”

“मंग तिथंच रिटायर झालो.”

एव्हाना दुकानातली झाडून सगळी गिऱ्हाइकं आमच्याभोवती जमली होती. एकाने चहा सांगितला. माझं कार्ड आता माझं राहिलं नव्हतं, ते सार्वजनिक झालं होतं. पोट्ट्याने नाइलाजाने ते पुन्हा स्लॉटमध्ये दाबलं, बटण दाबलं.

आणि डिस्प्ले आला.

म्हणजे काय आलं, तर पडद्यावर हिरव्या-गुलाबी चौकोनांची रांगोळी आली, आणि तिच्या मागे कुठेतरी विंडोज असावं असा संशय आला. दुकानात टाळ्या पडल्या. काका स्टुलावरून उठून उभे राहिले.

“काका, हे असे डब्बे दिसले म्हणजे मेमरीच गेली आहे,” पोट्टा म्हणाला.

“डिस्प्ले आला का नाही?”

“आला, पण...”

“पण गिन काही नाही. आला म्हणजे आला. डब्बे तुमच्या मॉनिटरचे असतीन.”

तेवढ्यात पडदा काळा झाला तो झालाच. काकांनी शांतपणे माझ्याकडे वळून विचारलं, “तुम्ही हात लावला काय?” मी नाही म्हणालो. “मंग चादरीनं झालं. चादरीत कोन आणते सीपीयू?”

त्यांच्याकडे दुसरा उपाय तयार होता. मेलेली कार्डं लोक ओव्हनमध्ये भाजतात, असं त्यांनी यूट्यूबवर पाहिलं होतं. खरंच भाजतात. तडा गेलेला सोल्डरचा डाख वितळून पुन्हा धरेल, अशी त्यामागची आशा असते. कधी कधी कार्ड त्यानंतर थोडे दिवस चालतं आणि मग कायमचं जातं. “पण आपल्याले ओव्हन कायले पाहिजे? नवतपा लागूनच राहिला, नऊ दिवसाची आग. गच्चीवर ठेवा दोन दिवस.”

मी त्यांना समजावून सांगितलं, की आजकालचं शिसं नसलेलं सोल्डर वितळायला 217 अंश लागतात. नागपूरने 2013 च्या मे महिन्यात जिवाचा आटापिटा केला तरी गाडी 47.9 वर अडकली होती.

“तो सरकारी आकडा आहे,” काका म्हणाले. “आमच्या गच्चीवर या कधी.”

शेवटी गल्ल्यावरचे मालक फोन ठेवून उठले. माझा मॉनिटर कोणता, हे त्यांनी विचारलं आणि तिथे खरी गंमत उघडी पडली. माझा मॉनिटर 2009 सालचा, चौकोनी, त्याला मागे केबलसाठी एकच निळं व्हीजीए तोंड. हे तोंड आयबीएमने 1987 मध्ये आणलं. 2010 च्या डिसेंबरात इंटेल, एएमडी आणि मॉनिटर बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी मिळून जाहीर केलं, की 2015 पर्यंत हे बंद करू. माझ्या मॉनिटरला ही नोटीस कोणी बजावली नाही. तो ठणठणीत आहे. त्यावर मी शेकड्याने संसार लावून दिले आहेत.

मालकांनी कपाटातून एक खोकं काढलं. “सर, ये देखो, व्हीजीए वाला. एकदम नया पीस.” पीस नवा होता. मॉडेल 2014 चं होतं. त्याच्या ड्रायव्हरला, म्हणजे ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, सुरक्षेची अपडेटं देणंसुद्धा कंपनीने 2024 मध्ये थांबवलं आहे. म्हणजे माझं मेलेलं कार्ड आणि हे नवंकोरं कार्ड एकाच पिढीतलं, फक्त ह्याच्यावर प्लास्टिक होतं. मी तसं बोललो, तर काका म्हणाले, “पॅक आहे न? मंग नवीनच.”

आणि जे खरोखर नवं, त्याला व्हीजीए नाही. त्याला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट ही नवी तोंडं. शिवाय माझ्या एसएमपीएसला, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याला, कार्डासाठी वेगळी वायर काढायची सोय नाही, म्हणून स्लॉटमधून मिळणाऱ्या 75 वॉटमध्ये भागवणारंच कार्ड हवं. असं कार्ड एकच शिल्लक होतं, आणि त्याच्यावर कांदा ठेवला होता.

सोळा हजार. “इंटरनेट पे देख लो सर, हर जगह यही रेट है.” ते खरंही असेल, आणि माझा राग नेमका त्यावरच आहे. ही वस्तू आधी गेमवाल्यांसाठी बनत होती. मग आभासी नाणी खोदणारे आले आणि पोत्यांनी कार्डं उचलून घेऊन गेले. 2022 च्या सप्टेंबरात इथेरियम नावाच्या अशाच एका नाण्याने कार्डांवरचं खोदकाम बंद केलं, आम्ही म्हटलं, चला, आता स्वस्त होईल. तर एआयवाले आले. आता ह्या कंपन्यांना गेमवाल्यांचीच पर्वा उरली नाही, तिथे महालातल्या पत्रिकावाल्याला कोण विचारतो? खोक्यावर उजेडाचे किरण, तलवार घेतलेला राक्षस. मला राक्षस नको. मला वर मधोमध गणपती हवा आणि त्याच्याखाली ‘श्री गजानन प्रसन्न’ वाचता आलं पाहिजे. एवढ्या इच्छेसाठी सोळा हजार आणि त्यातच 18 टक्के जीएसटी मोजणाऱ्या माणसाचा जॉबशीटवर ‘अदर’ म्हणून उल्लेख होतो.

घेतलं. मुहूर्त थांबत नाहीत. वर साडेतीनशेचा एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर. काकांचं म्हणणं होतं, की शंभराची साधी केबल चालते. ती चालत नाही. एचडीएमआयमधून आकडे येतात, व्हीजीएला विजेचा चढउतार लागतो, मधे अनुवाद करणारी चिप हवीच. हे पोट्ट्याने चांगलं समजावून सांगितलं. पोट्टा हुशार आहे, फक्त त्याचं कोणी ऐकत नाही.

चेकिंग चार्ज नव्या कार्डाच्या बिलातून वजा होईल, असं मी गृहीत धरलं होतं. “वो सर्व्हिस का है सर, ये सेल का है.” मी वाद घालणार होतो. पण काकांनी माझा सीपीयू उचलून पायऱ्यांपर्यंत आणून दिला. ह्या वयात. त्यामुळे आवाज चढवता आला नाही, आणि ‘नंबर देऊन ठेवा’ म्हणाले तेव्हा नंबरही द्यावा लागला.

चौथ्या दिवशी हजर. पुतण्याचं लग्न, चारशे पत्रिका. मजकूर वहीच्या पानावर दोन्ही बाजूंनी लिहिलेला, प्रेषक आणि स्वागतोत्सुक मिळून अर्धं गाव. “दर थोडा पाहून लावजा भाऊ. तुमच्या मशीनसाठी अर्धा दिवस बसलो होतो मी.” बसले होते, हे खरंच आहे. कूलरसमोर.

प्रूफ बघायला माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. कन्व्हर्टरमधून येणारी अक्षरं किंचित फुलतात, बारीक टाइपात रेघा जराशा पसरतात. मला ते पहिल्याच दिवशी जाणवलं होतं, पण सोळा हजार मोजल्यावर माणूस स्वतःलाही सांगत नाही. काकांनी चष्मा वर केला, खाली केला, पडद्याला नाक लावलं.

“हे फुसकट दिसून राहिलं. त्या जुन्या कार्डात चांगलं दिसे. उगाच बदलवलं तुम्ही.”

निमंत्रकांच्या यादीत त्यांच्या स्वतःच्या नावात एक काना जास्त पडला होता. फुसकट दिसत असल्यामुळे त्यांना तो दिसला नाही. त्यांनी प्रूफवर सही केली, खाली तारीख घातली. मी त्यांना पाणी दिलं आणि चारशे पत्रिका छापायला लावल्या.