पिल्लाला जंताचं औषध दिलं का?

घरात पिल्लू आलं की सगळे लस कधी द्यायची ते विचारतात, जंताच्या औषधाचं मात्र "शीमध्ये जंत दिसले तर बघू" असं चालतं. आम्हीही तेच केलं. पिल्लू मस्त खात-खेळत होतं म्हणून आम्ही निवांत, आणि एक दिवस त्याच्या उलटीत लांबलचक पांढरे जंत पडले, घरात रांगतं बाळ होतं हो तेव्हा, मला रात्रभर झोप नाही.

व्हेटकडे गेल्यावर कळलं की कुत्र्याच्या पिल्लाला हे राउंडवर्म आईच्या पोटातच मिळतात. कुत्रीच्या अंगात दबून बसलेल्या अळ्या ती गाभण असताना जाग्या होतात आणि नाळेतून पिल्लात शिरतात, पुढे दुधातूनही जातात. म्हणून औषध पिल्लू 2 आठवड्यांचं असल्यापासून द्यायचं, आणि एकदाच देऊन भागत नाही, कारण आतड्यातले जंत मेले तरी अंगात फिरणाऱ्या अळ्या मागून आतड्यात येतातच. (मांजरीच्या पिल्लांना दुधातून मिळतात, त्यांचं औषध 3 आठवड्यांपासून.)

माणसात हे जंत आतड्यात वाढत नाहीत. शीतून मातीत पडलेली जंतांची अंडी मातीच्या हातांनी तोंडात गेली की अळ्या लिव्हर, फुप्फुसात भटकतात, आणि क्वचित डोळ्यात गेल्या तर नजर कायमची जाऊ शकते. बहुतेक वेळा लहान मुलांच्या बाबतीत होतं हे, कारण मातीत तीच खेळतात.

पण ताज्या शीतली अंडी लगेच लागत नाहीत, त्यांना तयार व्हायला 2 ते 4 आठवडे लागतात! म्हणजे शी त्याच दिवशी उचलली तर विषय तिथेच मिटतो, आणि नाही उचलली तर तीच अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. "पावसात वाहून जाईल" म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. हुकवर्मच्या (आतड्यातल्या दुसऱ्या एका जंताच्या) अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत घुसतात. आणि टेपवर्मचं (पट्टीसारख्या चपट्या जंताचं) औषध दिलं पण पिसवा तशाच ठेवल्या, तर जंत पुन्हा होऊ शकतो, कारण त्यातला नेहमी आढळणारा प्रकार पिसू गिळून होतो.

अजून एक, घरात कोणी प्रेग्नंट आहे म्हणून मांजर सोडून देऊ नका प्लीज. भीती असते ती टॉक्सोप्लाझ्माची, म्हणजे मांजराच्या शीतून पसरणाऱ्या, पोटातल्या बाळाला त्रास देऊ शकणाऱ्या सूक्ष्म जंतूची, पण तो कच्च्या मांसातून, बागेतल्या मातीतूनही होतो, आणि मांजराच्या शीतला जंतू लागण करण्याजोगा व्हायला 1 ते 5 दिवस घेतो. लिटर बॉक्स (मांजराच्या शी-शूचा ट्रे) घरातल्या दुसऱ्या कोणीतरी रोजच्या रोज साफ करावा, मांजर राहू दे घरात.