मरणारा खोटं बोलत नसेल, पण कागद?

खुनाच्या खटल्यातून आरोपी सुटला की एक मजकूर पुन्हा फिरू लागतो: ‘मरणारा माणूस खोटं बोलत नाही. मृत्युपूर्व जबाब असला की आणखी पुरावा कशाला? आणि साक्षीदार फितूर झाला की केस संपलीच.’ वाचून चटकन पटतं, आणि याच पटण्याची मला काळजी वाटते.

मरणारा खोटं बोलत नाही, हे गृहीत कायद्यानेही धरलंय. म्हणून तर ऐकीव असूनही हा जबाब पुरावा ठरतो: 1872 च्या भारतीय पुरावा कायद्यात कलम 32 खाली, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 26 खाली. पण अंधारात मागून वार झालेला माणूस खोटं न बोलताही चुकीचं नाव घेऊ शकतो. शिवाय न्यायाधीशांपुढे त्याचा आवाज येत नाही, कागद येतो. जळीत वॉर्डातली खाट डोळ्यांपुढे आणा. बाईला वेदनाशामक दिलंय, उशाशी माहेरचे किंवा सासरचे उभे आहेत, दंडाधिकारी विचारतात आणि लेखनिक आपल्या भाषेत उतरवतो. प्रश्न काय होता? तिचे शब्द कुठले, लिहिणाऱ्याचे कुठले? पंजाबातल्या एका खटल्यात बाईचे दोन्ही अंगठे भाजलेले होते, तरी जबाबावरच्या ठशात रेषा स्वच्छ उमटलेल्या. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या जबाबावर विश्वास ठेवला नाही. तिथे मेलेल्या बाईला कोणी खोटं ठरवलं नव्हतं. संशय कागदावर होता.

‘आणखी पुरावा कशाला’ हे अर्धं खरं आहे. नागपूरच्या खुशाल राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की जबाब खरा आणि स्वेच्छेने दिलेला असेल, तर एकट्या त्याच्यावर शिक्षा देता येते. सगळा खटला त्या ‘असेल तर’मध्ये असतो. मेलेल्याची उलटतपासणी होत नाही, त्याने शपथ घेतलेली नसते, म्हणून ही पारख. रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत आहे असा डॉक्टरांचा शेरा नाही म्हणून जबाब आपोआप बाद होत नाही, हे 2002 मध्ये लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केलं. जबाब घेणाऱ्याची शुद्धीबद्दल खात्री पटलेली हवी. उलट, शेरा आहे म्हणून जबाब तरतोच असंही नाही.

सगळ्यात अवघड म्हणजे एकाहून अधिक जबाब. पहिल्यात ‘स्टोव्ह भडकला’, दुसऱ्यात ‘नवऱ्याने पेटवलं’. बचाव पक्ष म्हणतो, माहेरच्यांनी पढवलं. पण पहिल्या वेळी नवराच खाटेशी उभा असेल तर? पोरं त्याच्याच घरी असतील तर? याला ठरीव उत्तर नाही, प्रत्येक कागदाची वेळ आणि भोवतालची माणसं पाहावी लागतात. उत्तर प्रदेशातल्या एका जळीत खटल्यात दोन मृत्युपूर्व जबाबांच्या आधारे फाशी झाली होती. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून आरोपीला सोडलं. दुसरा पुरावा मागितला नसता, तर तो माणूस आज नसता.

आता फितुरी, म्हणजे साक्षीदाराने कोर्टात आधीच्या सांगण्यावरून उलटणं. साक्षीदार फितूर घोषित झाला म्हणून त्याची साक्ष पुसली जात नाही. तिच्यातला विश्वासार्ह भाग, इतर पुराव्याशी जुळत असेल तर, घेता येतो. मात्र पोलिसांपुढे त्याने आधी काय सांगितलं होतं, तो पुरावा नाही. विसंगती दाखवण्यापुरताच त्याचा उपयोग. खटला लंगडतो तो इथे, आणि हे फारच थोड्यांना माहीत असतं.

1957 च्या वडिवेलू थेवर निकालात साक्षीदारांचे तीन प्रकार सांगितलेत: पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वसनीय आणि यांच्या मधले. पहिल्या प्रकारातला एकही पुरतो, कायदा संख्या मागत नाही. खरी कसोटी मधल्यांची. साक्षीदार चार वार सांगतो, शवविच्छेदनात दोनच दिसतात. म्हणून मारणाऱ्याचं नावही खोटं का? ‘एक खोटं तर सगळं खोटं’ हा नियम आपल्याकडे चालत नाही. दाणे आणि फोल वेगळे करावेच लागतात.

साक्षीदार फुटतात यावरचा माझा राग त्या मजकूर पाठवणाऱ्यांपेक्षा कमी नाही. पण साक्ष द्यायची वेळ येईपर्यंत अनेकदा वर्षं लोटतात, आणि तोवर तो माणूस आरोपीच्याच गल्लीत राहत असतो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. साक्षीदार फुटल्याची बातमी आली, की त्याला हे संरक्षण देऊ केलं होतं का, हा प्रश्न मी आधी विचारते.