भिंतीची ओल कुणी बघायची?

आज सकाळी शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर चार-पाच पोरं गेरू रंग फासत होती. वर शेवाळ, खाली लोणा फुटलेला, मध्ये पोपडे सुटलेले आणि त्या सगळ्यावरून सरळ रोलर! म्हटलं, "अरे, आधी खरवडा तरी." एक जण कसनुसं हसून म्हणाला, "मॅडम, संध्याकाळी साहेब येणारेत फोटोला."

घ्या! जूनच्या तोंडावर, कोकणात, ओल्या भिंतीवर ऑइलपेंट. आतली ओल बाहेर पडायला वाट शोधणार आणि रंगाचा पापुद्रा सोबत घेऊनच पडणार. हे कळायला आर्ट स्कूलला जावं लागत नाही.

याच भिंतीवर आमच्या लहानपणी पेंटरकाकांनी चित्र काढलं होतं. सिनेमाची बॅनरं रंगवणारा माणूस. शाळेनं बोलावलं, तर कितीतरी दिवस यांनी रंगाचा डबाच उघडला नाही. वायर ब्रशनं घासत बसले, भिंत धुतली, भेगा भरल्या, पुन्हा वाळू दिली. हेडसर वैतागले, "चित्राचे पैसे ठरलेत, धुण्याचे नाहीत." काका परांचीवरूनच म्हणाले, "सर, वरची पन्हळ फुटलीय. ती बदला, मग मी चौकटी आखतो." आणि सरांना पन्हळ बदलावी लागली! मग चुना, मग सुतळीनं आखलेल्या चौकटी, मग कुठे एकेका चौकटीत नावाडी, माड, होडी. मी दहावी होईपर्यंत ती होडी जागची हलली नव्हती.

आता सुशोभीकरणाचा ठेका निघतो चौरस फुटावर. घासण्याचा फूट कोण मोजणार? नव्या प्लास्टरला निदान 28 दिवस द्यावेत असं म्हणतात, इथे अठ्ठावीस तास कुणी देत नाही. वर काढायचं काय, तर वारली. तेही स्टेन्सिल ठेवून! अहो, वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक लिहायच्या आधी भिंत शेणामातीनं सारवतात, गेरू देतात, मग तांदळाच्या पिठाचं पांढरं. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, त्याचा अर्थ आपण बहुतेक "पांढरे त्रिकोण कुठेही उमटवा" असा घेतला. अजिंठ्याला तरी काय, ओबडधोबड कातळावर आधी भुसा घातलेल्या मातीचा गिलावा, मग रंग. त्यांना घाई नव्हती, साहेब नव्हते.

बरं, रंगवलेल्या भिंतीवर लोक थुंकत नाहीत, हे मान्य. थोडे कमी थुंकतात.

आणि पोरांवर राग नाही हो. दुपारी पुन्हा गेले तर उन्हात, डोक्याला रुमाल बांधून, त्यातली एक मुलगी तारपा वाजवणाऱ्याची बोटं स्टेन्सिल बाजूला ठेवून हातानं काढत होती. इतकी सुरेख! विचारलं, किती मिळतात? आकडा इथे लिहीत नाही, मलाच लाज वाटली. पेंटरकाका अडून बसू शकले, कारण गावात दुसरा पेंटर नव्हता. हिनं "आधी पन्हळ बदला" म्हटलं, तर उद्या दुसरी मुलगी येईल.

म्हणून पन्हळीचं आपणच बोलायला हवं. ती पुन्हा फुटलीय. उद्या शाळेत अर्ज देतेय. माजी विद्यार्थ्यांनो, लाइक नकोत, सह्या करायला या. पन्हळीचा खर्चही वाटून घेऊ.