न झालेल्या युद्धाचा हिशेब

विषय बंड्याने काढला. त्याचं म्हणणं सरळ होतं: सैन्य तगडं ठेवा, कोणी वाटेला जाणार नाही. युद्ध टाळणं हे परराष्ट्र धोरणाचं पहिलं काम वगैरे सगळं भाषणापुरतं.

"अरे, 1978 मध्ये अर्जेंटिना आणि चिली, दोन्हीकडे लष्करशहाच होते," मास्तर म्हणाले. "सैन्याला तोटा नव्हता. तरी बीगल सामुद्रधुनीच्या तोंडावरच्या तीन बेटांवरून डिसेंबरात आरमारं निघाली. लवादाने बेटं चिलीला दिली होती, अर्जेंटिनाने निवाडा धुडकावला. अगदी शेवटच्या घटकेला पोप जॉन पॉल दुसरे मध्ये पडले आणि त्यांनी कार्डिनल अंतोनिओ सामोरे यांना पाठवलं. जानेवारी 1979 मध्ये दोघांनीही बळ वापरणार नाही असं लिहून दिलं. करार व्हायला मात्र 1984 उजाडलं."

वकीलसाहेबांनी लगेच पकडलं. "दोन्ही देश कॅथलिक, म्हणून पोपचं ऐकलं. दरवेळी पोप कुठून आणणार?"

आक्षेप खरा होता. म्हणून मी मॅसेडोनिया काढला. युगोस्लाव्हिया फुटत होता, बोस्निया जळत होता, तेव्हा राष्ट्राध्यक्ष ग्लिगोरोव यांनी एकही गोळी सुटण्याआधी संयुक्त राष्ट्रांकडे शांतिसैनिक मागितले. डिसेंबर 1992 मध्ये सुरक्षा परिषदेने ते दिले. संघर्ष पेटण्याआधीच फौज नेऊन ठेवायची ही पहिलीच वेळ. हजारभर माणसं सीमेवरच्या चौक्यांत बसून पाहायची आणि कळवायची, एवढंच काम. 1999 च्या जानेवारीत मॅसेडोनियाने तैवानला मान्यता दिली आणि तैवानला आपलाच भाग मानणाऱ्या चीनने महिन्याभरात या फौजेच्या मुदतवाढीवर नकाराधिकार वापरला. फौज परत गेली. 2001 मध्ये तिथे अल्बेनियन बंडखोर आणि सरकार यांच्यात लढाई जुंपली.

"म्हणजे फौज काढली म्हणून पेटलं?" बंड्या.

तसं छातीठोकपणे नाही म्हणता येत. मधे कोसोवोचं युद्ध होऊन गेलं होतं. पण मला नेमकं हेच बोचतं. जे घडलंच नाही त्याचा पुरावा कुठून द्यायचा? युद्ध जिंकणाऱ्याच्या नावाने चौक उभे राहतात. सीमेवरच्या चौकीत चार हिवाळे काढणाऱ्याचं नाव कोणाला ठाऊक असतं? म्हणून कुठल्याही मंत्र्याला यावर पैसा घालायचा धीर होत नाही.

"धीर कशाला व्हावा?" वकीलसाहेब आता चिडले होते. "रवांडात 7 एप्रिल 1994 ला संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतले बेल्जियमचे दहा सैनिक मारले गेले. कुठल्या सरकारने परक्यांसाठी आपली पोरं द्यायची?"

याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. त्या दहा घरांना काय सांगायचं? पण तारखा उलट्या लावून पाहा, मी म्हटलं. त्याच वर्षी 11 जानेवारीला त्या फौजेचे सेनापती दालेर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला कळवलं होतं की शस्त्रं लपवलेली आहेत, आपण छापा घालतो. त्यासाठी नवी फौज लागणार नव्हती, हाताखालचीच माणसं होती. छाप्याला मनाई झाली. एप्रिलात कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने फौज 270 वर आणायचं ठरवलं. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मेली. जानेवारीतल्या छाप्याने ती सगळी वाचली असती असं मी म्हणत नाही. पण एप्रिलपेक्षा जानेवारीत धोका कमी होता, हे तरी मान्य करा.

वकीलसाहेबांनी ते मान्य केलं. धोरणाचं पहिलं काम मात्र आपल्या माणसांचं रक्षण, यावरून ते हलले नाहीत. भारत आणि पाकिस्तान 1992 पासून दर 1 जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, कारगिलनंतरही दिल्या, ते आपल्याच माणसांचं रक्षण नाही तर काय, असं मास्तरांनी विचारलं. त्यावर ते म्हणाले, विचार करतो.

बंड्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मास्तर, त्या कार्डिनलला करार पाहायला मिळाला का हो?"

"नाही रे. 1983 च्या फेब्रुवारीतच गेले ते. अँडीजमध्ये चिलीतून अर्जेंटिनात उतरणाऱ्या एका खिंडीला त्यांचं नाव दिलंय. रोज गाड्या जातात तिथून."