“सगळं हिरवं झालं की थांबा” म्हणणाऱ्यांना

सॉफ्टवेअर टेस्टिंगबद्दलचा एक मजकूर सध्या फिरतोय. त्याचा सारांश असा : ‘कोड पूर्ण झाला की टेस्टिंग सुरू करा. सगळ्या टेस्ट पास झाल्या, कव्हरेज (टेस्टमध्ये कोडच्या किती ओळी चालल्या याचं प्रमाण) १०० टक्के झालं आणि नवे बग (कोडमधल्या चुका) येईनासे झाले की थांबा. शेवटचा होकार टेस्टरचा.’ वाचायला सुटसुटीत आहे, म्हणूनच बहुधा एवढा फिरतोय. पण यातलं एकेक वाक्य तपासायला घेतलं की अडचण होते.

पहिलं, कोड पूर्ण झाल्यावर सुरू करा. समजा, ‘पासवर्ड किमान ८ अक्षरांचा हवा’ एवढीच रिक्वायरमेंट आहे. अक्षर म्हणजे काय? ‘क्षि’ आपल्या लेखी एक अक्षर, युनिकोडच्या (लिपींतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) लेखी क, हलन्त, ष आणि वेलांटी असे ४ कोडपॉइंट, म्हणजे ४ क्रमांक, आणि यूटीएफ-८ या पद्धतीने साठवलं तर १२ बाइट. म्हणजे कोणाच्या हिशोबाने ८? हा प्रश्न विचारायला कोडची एक ओळही लागत नाही, आणि माझ्या मते टेस्टिंग इथेच सुरू झालेलं असतं. हाच प्रश्न कोडनंतर निघाला, तर स्क्रीन, एपीआय (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची सोय) आणि डेटाबेसचा कॉलम अशा तिन्ही ठिकाणी पुन्हा हात घालावा लागतो. अर्थात उलटा अतिरेकही बघितलाय : स्क्रीन रोज बदलत असताना तिच्यावर ऑटोमेशन स्क्रिप्ट (टेस्ट आपोआप चालवणारा कोड) लिहीत बसणं. प्रश्न लवकर विचारावेत, स्क्रिप्टला घाई नको.

दुसरं, सगळ्या टेस्ट पास झाल्या की थांबा. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात, ४० सेकंदांच्या आत नष्ट झालं. दिशादर्शक यंत्रणेतला कोड एरियान ४ वरून जसाच्या तसा घेतला होता. आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवताना ती मावली नाही. १६ बिटांच्या चिन्हासह पूर्णांकाची मर्यादा ३२,७६७. जुन्या रॉकेटच्या मार्गावर हा आकडा तिथवर कधी जातच नव्हता, नव्याच्या मार्गावर गेला. आणि त्या यंत्रणेची चाचणी नव्या मार्गाच्या आकड्यांवर झालेलीच नव्हती. कडी म्हणजे, कोडच्या त्या भागाचं एरियान ५ मध्ये उड्डाणानंतर काही कामच नव्हतं! ‘पास’ हा शब्द ऐकला की म्हणूनच मी आधी विचारतो, कोणत्या डेटावर?

कव्हरेजचं थोडक्यात उरकतो. वर्षाला ४ ने भाग गेला की लीप वर्ष, एवढीच एक ओळ लिहा. २०२३ आणि २०२४ देऊन तपासा. दोन्ही उत्तरं बरोबर, कव्हरेज १०० टक्के. २१०० साल मात्र चुकेल, कारण शतकाची अट (१०० ने भाग जाणाऱ्या वर्षाला ४०० नेही भाग जायला हवा) लिहिलेलीच नाही, आणि न लिहिलेल्या ओळीचं कव्हरेज कोणतंही टूल मोजत नाही.

‘नवे बग येईनासे झाले’ यात थोडं तथ्य आहे. बगचा आलेख सपाट होणं ही खूण असू शकते, पण कशाची? त्याच त्या टेस्ट पुन्हा पुन्हा चालवल्या तरी आलेख सपाटच होतो. टेस्टर दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला तरी होतो. शोधायच्या जागा आणि पद्धती बदलूनही हाती काही लागत नसेल, तरच त्या आलेखाला किंमत.

आणि ‘सगळं तपासून झालं’ असं होतच नाही. ३२ बिटांच्या दोन संख्यांची साधी बेरीज घ्या. सगळ्या जोड्या तपासायच्या तर सेकंदाला १ अब्ज या वेगाने ५८० हून जास्त वर्षं लागतील. टेस्टिंगने बग आहेत हे दाखवता येतं, नाहीत हे नाही, असं संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा १९६९ मध्येच सांगून गेले.

मग थांबायचं कधी? पुढचा आठवडा तपासून जे सापडण्याची शक्यता आहे, त्यापेक्षा तो आठवडा थांबणं महाग पडतंय का, हे बघायचं. चुकलं तर तासाभरात मागे घेता येणारं वेब पेज आणि रुग्णाला किरणांचा डोस देणारं यंत्र, यांचं उत्तर एक कसं असेल?

राहिला टेस्टरचा होकार. नुकसान सोसणारा आणि तारीख ठरवणारा जर दुसराच असेल, तर सही माझी का? मी रिलीजच्या आधी तीन याद्या देतो : काय तपासलं, काय तपासलं नाही, काय मोडकं आहे हे माहीत आहे. मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ मधल्या यादीवर जातो.