‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’? महाराष्ट्रात लागते

एक सल्ला व्हॉट्सअॅपवर सतत फिरतो: भाडेकरार घरीच लिहा, मुदत अकरा महिन्यांची ठेवा, ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर छापून नोटरी करा, नोंदणीचा खर्च वाचवा. यातलं ‘घरीच लिहा’ एवढंच मला पटतं. बाकीचं ऐकून लोक अडकतात, आणि जास्त करून घरमालक.

आधी अकरा महिने. १९०८ च्या नोंदणी कायद्यातलं कलम १७ एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती करतं. म्हणून वर्षाच्या आत राहायची युक्ती निघाली. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे आणि त्याचं कलम ५५ मुदत बघतच नाही. लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती घर वापरायची फक्त परवानगी) असो की भाडेपट्टा, करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. जबाबदारी मालकाची. कसूर सिद्ध झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून जड गोष्ट पुढे आहे: नोंदलेला लेखी करार नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. भाडं १५,००० ठरलं होतं आणि तो १२,००० म्हणाला, तर पुरावे गोळा करत मालकानं फिरायचं.

नोटरीनं हे भरून निघत नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, इतकं साधं आहे.

राहिला खर्च. महिना १५,००० भाडं, परत मिळणारं डिपॉझिट ५०,०००, मुदत अकरा महिने असं धरू. लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही एकूण भाडं १,६५,००० आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, सुमारे ४,६००, यांच्या बेरजेवर. म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास. नोंदणी फी शहरात १,०००, ग्रामीण भागात ५००. ऑनलाइन नोंदणी केली तर निबंधक कार्यालयाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. आधारला जोडलेला अंगठा घरबसल्या देता येतो. एवढे पैसे वाचवण्यासाठी घर पणाला लावू नये असं मला मनापासून वाटतं.

‘नेटवरचा मसुदा पुरतो’ हेही अर्धंच खरं. मसुद्यात डिपॉझिट ‘नुकसान वजा करून परत’ असं असतं, आणि भांडण नेमकं तिथेच होतं. त्याऐवजी असं लिहा: भाडेकरूनं चावी परत दिल्यापासून किती दिवसांत डिपॉझिट परत, रंगकामाचे पैसे कापणार की नाही, कापणार तर किती. चावी देताना विजेच्या मीटरचं रीडिंग, पंखे, गिझर, बेसिनला आधीच असलेला तडा, सगळं यादीत घ्या आणि यादीवर दोघांच्या सह्या. सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार, मुदतीआधी घर सोडलं तर किती महिन्यांची नोटीस, हेही. एकच खोली देत असाल तर स्वयंपाकघर आणि बाथरूम वापरायची मुभा स्वतंत्र वाक्यात लिहा. ते वाक्य नसल्यानं रोजची धुसफूस होते.

आणि मुदत संपल्यावर ‘चालू ठेवू या’ हे तोंडी बोलून भागत नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २४ प्रमाणे लायसन्सची मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याकडून मालकाला ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दरानं नुकसानभरपाई मागता येते. राहायचं असेल तर जुनी मुदत संपायच्या आत नवा करार लिहून तोही नोंदवून घ्या.