बसलं म्हणजे चाललं? काहून बे?

गेल्या रविवारी मानेवाड्याहून ताईचा फोन. "तू कायले पोराचा खर्च वाढवून राहिला रे? एसएमपीएस वेगळा घ्यायची गरजच नाही म्हणते. ग्रुपवर पाहा."

भाचा सुटे भाग घेऊन गेमिंग पीसी जुळवतोय, आणि एसएमपीएस म्हणजे त्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. ग्रुपवरचा मेसेज पाहिला. ‘पहिला गेमिंग पीसी? दुकानदार जे सांगणार नाही ते वाचा.’ सात मुद्दे, खाली ‘एका अनुभवी हार्डवेअर इंजिनिअरकडून’ (इंजिनिअरला नाव नाही, गाव नाही) आणि शेवटी जोडलेले हात. सगळ्याचा अर्क एका ओळीत सांगायचा तर, जे जिथे बसतं ते तिथे चालतं, बाकी सारा कंपन्यांचा धंदा. एरवी सोडून दिलं असतं. पण भाच्याकडे मोजून साठ हजार आहेत, त्यातले अर्धे आजोबांनी दिलेले, आणि हा मेसेज वाचून पठ्ठ्या बर्डीच्या बाजारातून कॅबिनेट घेऊनही आला होता.

क्रम सोडून आधी तिसरा मुद्दा घेतो. बाकीच्यांनी फार तर पैसे जातील, याने घरात धूर होईल.

मेसेज म्हणतो, ‘कॅबिनेटसोबत ४५० वॅटचा एसएमपीएस येतोच, तो गेमिंगला भरपूर झाला. ग्राफिक कार्डाची आठ पिनची वायर नसेल तर साटाच्या वायरीला लावायचं कनेक्टर दीडशे रुपयांत मिळतं.’

संध्याकाळी ताईकडे गेलो, पलंगाखालून कॅबिनेट ओढलं, मागचे चार स्क्रू काढून एसएमपीएस हातात घेतला. संत्रा बर्फीचा डबा याच्यापेक्षा जड लागेल. स्टिकरवर ठळक अक्षरात ४५० वॅट. खाली बारीक तक्ता, त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. गुणाकार भाच्याकडूनच करून घेतला: १४ गुणिले १२, म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड, दोघांचंही पोट या १२ व्होल्टवरच भरतं. बाकीचे वॅट दुसऱ्या रकान्यांत, गेमिंगला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

आता त्याचं कार्ड. मित्राच्या भावाकडून घेतलेलं जुनं आरटीएक्स ३०६०, धडधाकट आहे. त्याची चिप बनवणारी एनव्हिडिया स्वतः सांगते: कार्डाला लागतात १७० वॅट, आणि पूर्ण पीसीला किमान ५५० वॅटचा एसएमपीएस. म्हणजे एकटं कार्डच हा डबा संपवून टाकतं. प्रोसेसर अजून उपाशीच.

मग ते दीडशेचं कनेक्टर. साटाची पॉवर वायर हार्ड डिस्कसाठी असते. तिच्या टोकाला १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकीची झेप दीड अँपिअर. सगळे मिळून साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. आठ पिनच्या जोडणीतून मात्र कार्ड १५० वॅटपर्यंत ओढू शकतं. पलीकडे कोण बसलंय ते कार्डाला काय माहीत? मदरबोर्डाच्या ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसतं तो जास्तीत जास्त ७५ वॅट देणार. १७० मधून ते वजा केले तरी ९५ उरले, आणि ते येणार ५४ च्या पिनांवरून.

यातली खरी गोम अशी की सुरुवातीला सगळं छान चालतं. विंडोज येतं, यूट्यूब चालतं, ताई म्हणणार "पाय, चाललं ना." मग गेम लागतो, कार्ड भरपूर ओढायला लागतं, पिना तापतात आणि कनेक्टरचं प्लास्टिक मऊ होत जातं.

भाचा म्हणाला, "पण मामा, पिन तर बसते ना?"

"बसते बे! टेबल फॅनच्या वायरीला गिझरही जोडता येते. जोडशील काय?"

‘सॉकेट-बिकेट सगळा धंदा’ हा पहिला मुद्दा. सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. इथे थोडं कबूल करावं लागतं, नाइलाजाने. इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीच्या सॉकेटचं नाव एकच, ११५१. आठव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या बोर्डात बसायचा, पण कंपनीने तो चालू दिला नाही. हौशी लोकांनी बायोसमध्ये (बोर्डातच भरलेलं, पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) खटपट करून चालवून दाखवला. तेव्हा कंपनीला शिव्या घालायच्या तर खुशाल घाला. पण इंजिनिअर साहेब, तुमच्याच उदाहरणात बसला तरी चालला नाही, त्याचं काय? इंटेलची स्पर्धक एएमडी, तिचं तर आणखी सरळ आहे. एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला खाली १३३१ पिना, एएम५ ला पिना नाहीतच, त्या बोर्डात गेल्या, १७१८. जोर लावलात तर काहीतरी वाकेल एवढंच. आणि सॉकेट जुळला तरी बायोस राहतोच. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या बी४५० बोर्डात (सॉकेट एएम४) एएमडीचा रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर लावला, बायोस जुना निघाला, की पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची ‘सीपीयू सपोर्ट’ यादी असते, प्रोसेसरच्या नावापुढे बायोसची आवृत्ती दिलेली. ती बघून मग दुकानात जायचं. दहा मिनिटांचं काम.

रॅम: मेसेज म्हणतो, डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही प्रकारांना २८८ पिना, म्हणून ‘सारखीच’. खाच वेगळ्या जागी आहे, साहेब. बाराव्या ते चौदाव्या पिढीचे इंटेलचे डेस्कटॉप प्रोसेसर दोन्ही रॅम चालवतात हे खरं, पण विकत घेतलेला बोर्ड बहुधा एकाच प्रकारचा असतो. खोक्यावर वाचा. एएम५ वर डीडीआर५ शिवाय पर्यायच नाही.

सहावा मुद्दा कुणीतरी आपल्या विदर्भातच जोडलेला दिसतो: ‘उन्हाळ्यात कॅबिनेटचं एक झाकण काढून कूलरसमोर ठेवा, लिक्विड कूलिंगचे पैसे वाचतील.’ हे वाचून मी ताईच्या कूलरची जाळी भाच्याला नखाने खरवडायला लावली. पांढरा थर निघाला, बोअरच्या पाण्यातले क्षार. ताट्यांतून येणारा झोत ओला असतो, त्यात बारीक तुषार असतात, आणि तेच क्षार उघड्या बोर्डावर जाऊन बसणार. खोलीत कूलर लावा, न लावून सांगता कोणाला, मे महिना आहे. पीसी फक्त झोताच्या बाजूला ठेवा. लिक्विड कूलिंग पहिल्या पीसीला नको, एवढं मात्र मेसेजचं बरोबर आहे. तेही खोलीच्याच हवेने थंड होतं. पुढून जाळीचं कॅबिनेट आणि दोन चांगले पंखे पुरतात.

उरलेल्यांवर फार वेळ घालवत नाही. ‘सगळ्यात महाग प्रोसेसर घ्या, कार्ड नंतर बघू’ हे गेमिंगसाठी उलटं आहे. इंटेलच्या नावामागे एफ असलेला प्रोसेसर ‘स्वस्त आणि तोच’ नाही, त्यात ग्राफिक नसतं, कार्ड नसेल तर मॉनिटरवर काहीच येणार नाही. ६०० व्हीएचा यूपीएस ६०० वॅट देत नाही, साधारण ३६० देतो.

शनिवारी बर्डीवर जाऊन ५५० वॅटचा नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस आणायचा आहे. तो डबा परत घ्यायला कॅबिनेटवाल्याने नकार दिला. "तो तर सोबत फुकट आहे, फुकटचं परत काय घ्यायचं," म्हणाला. तोवर कार्ड ताईच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली.